कापणारा हात, न हलणारा चेहरा

दिवाळी उलटली, धान घरी येऊ लागले, की आमच्या लाखांदूरकडे नाटकांचे वेध लागतात. वैनगंगेपलीकडचे वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे माहेर. मंडईच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. मी त्यांची जुनी प्रेक्षक आहे, म्हणूनच एक तक्रार मांडते.

मागच्या हंगामात एका नाटकातला म्हातारा चहा पिताना असा कापे, की निम्मा कप सांडे आणि मंडप खदखदून हसे. माझ्या शेजारी आमचे हे बसले होते. ह्यांना कंपवात होऊन नऊ वर्षे झाली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. लोकांना वाटले, म्हातारबुवा रागावले! पण ह्या दुखण्यात चेहऱ्याचे स्नायूच ताठरतात. आतले हसू बाहेर उमटत नाही. घरी आल्यावर बारीक आवाजात म्हणाले, "कप धरला का हात थांबते माझा. रिकामा रायला का कापते."

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली ह्या रोगाचे वर्णन केले, तेव्हा त्यानेही हेच टिपले होते: स्वस्थ पडलेल्या हातालाच कंप अधिक. आमच्या नटाने नेमके उलटे केले. पण चूक एका नटाची नाही. आपल्या रंगभूमीला दुखण्याची थरथर दिसते. दुखण्यातले थबकणे दिसत नाही.

आणि शुश्रूषा? ती करणारी बाई नाटकात एक तर देवी असते, नाही तर कजाग. तिच्या हातचे काम कुणी दाखवीत नाही. गोळीची वेळ चुकली की माणूस खुर्चीत खिळतो. डाळ, दूध, अंडी यांच्याबरोबर घेतलेली गोळी पुष्कळांना नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाचे घड्याळ गोळीच्या घड्याळाला बांधावे लागते. घास लहान, बसणे ताठ. नाही तर ठसका लागतो. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटले, तर ओढायचे नसते. ओढले की तोल जातो. मी खडूने आडवी रेघ मारते, "एक, दोन" म्हणते, आणि हे रेघ ओलांडतात. सदऱ्याची बटणे लावायला त्यांना दहा मिनिटे लागतात. मी लावली तर एका मिनिटात होईल. पण मी थांबते. ह्या थांबण्यालाच मी शुश्रूषा म्हणते.

हे थांबणे एलकुंचवारांना कळले होते. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या 'वाडा चिरेबंदी'त अंथरुणाला खिळलेली दादी पुन्हापुन्हा वेळ विचारते. दुखणे तिथे हशासाठी नाही, उमाळ्यासाठीही नाही. ते घराच्या दिनक्रमातच मुरलेले आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात स्मृती हरवलेल्या शास्त्रीबुवांना हत्तीवाल्याची बायको, चन्नम्मा, लेकरासारखे सांभाळते. तिच्या मायेत मोठेपणाचा आव नाही.

झाडीपट्टीच्या लेखकांकडे माझे मागणे एवढेच आहे. एक प्रवेश लिहा: दारात थबकलेला म्हातारा, शेजारी त्याला न ओढता उभी असलेली म्हातारी. संवाद नको. त्या रात्री नाटक सुटल्यावर हे मंडपाच्या दाराशी असेच अडले होते. आत तबलजी सहज ठेका वाजवीत बसला होता. त्या ठेक्यावर ह्यांचे पाऊल उचलले, मग दुसरे, आणि आम्ही बाहेर आलो.