नाव घेणे आणि नावे ठेवणे : मराठी संसारकथनातील एक भाषिक प्रश्न

सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास दोन विवाह साजरे होतात असे म्हणावयास हरकत नाही. एक सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला, ज्यात योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो आणि संमती कट्ट्याभोवती जमलेला सारा गाव अक्षता टाकतो. दुसरा घरोघरचा, वर्ष-सहा महिन्यांपूर्वी लागून गेलेला. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो पुन्हा आठवला जातो. काळे लुगडे, हलव्याचे दागिने, आणि दाराशी अडवून धरणाऱ्या बायकांचा एकच आग्रह : नाव घे.

या क्रियापदाकडे लक्ष द्यावयास हवे. सून नवऱ्याचे नाव ‘सांगत’ नाही, ‘उच्चारीत’ नाही, ‘घेते’. मराठीत देवाचे नाव घेतले जाते, ऋण घेतले जाते, शपथ घेतली जाते. ‘नाव घेणे’ या प्रयोगात स्वीकार आहे आणि थोडा धोकाही आहे. उलट विवाहाच्या वेळी तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहून वर तिचे नाव ‘ठेवीत’ असे. आणि याच वाक्प्रचाराचे अनेकवचन केले की अर्थ पार बदलतो : ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. एका मात्रेच्या फरकाने नामकरणाचे निंदेत रूपांतर करणारी ही भाषा संसारातील एक मोठे रहस्य सहज सांगून जाते. मराठीतील संसारकथनाचा, विशेषतः स्त्रियांनी लिहिलेल्या आठवणींचा, विचार या तीन प्रयोगांच्या आधाराने करणे उद्बोधक ठरेल.

या आठवणींकडे आजवर बहुधा समाजसुधारणेची साधने म्हणून पाहिले गेले. स्त्रीशिक्षण, धर्मांतर, प्रार्थनासमाज अशी मोठी प्रकरणे त्यांतून वेचली गेली आणि घरातली भांडणे, हरवलेले पैसे, रुसवे, फजित्या यांना ‘हृद्य’ हे एक विशेषण लावून समीक्षक पुढे गेले. वस्तुतः हे ग्रंथ आज वाचले जातात ते त्या फजित्यांसाठी. आणि फजितीचे कथन कसे होणार हे पुष्कळ अंशी एका अगदी व्याकरणिक निवडीवर ठरते : पत्नी पतीचा निर्देश कोणत्या शब्दाने करते.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली निघाले. माहेरची यमुना कुर्लेकर 1873 साली अकरा वर्षांची असताना एकतीस वर्षांच्या न्यायमूर्तींच्या घरी आली. पुस्तकात न्यायमूर्तींचा निर्देश ‘स्वतः’ या शब्दाने होतो. पुढे झालेल्या इंग्रजी भाषांतराला याच शब्दाचे भाषांतर शीर्षक म्हणून देण्यात आले, यावरून त्याचे वैलक्षण्य परभाषकालाही जाणवले होते हे दिसते. ‘स्वतः’ हे आत्मवाचक रूप होय. त्याला वाक्यात कोठेतरी पूर्वपद लागते, आधी कोणीतरी कर्ता यावा लागतो. रमाबाईंच्या पुस्तकात ते पूर्वपद येतच नाही. वाचकाने ते गृहीत धरावयाचे. जणू सर्व पुस्तक हे एकच दीर्घ वाक्य असून त्याचा कर्ता पहिल्या पानाच्या आधीच येऊन गेला आहे.

याचा परिणाम असा की, या संसारात घडणाऱ्या लहानमोठ्या चुका बहुधा एकाच बाजूला जमा होतात. घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसणारी, शिकताना चुकणारी, उगाच घाबरणारी ती रमाबाई. प्रसंगाच्या शेवटी समजूत घालणारे ते ‘स्वतः’. जो शब्द व्याकरणातच स्वतःवर परततो, त्याच्याकडे बाहेरून पाहून हसावे कसे? मात्र पुस्तकात अशा जागा आहेत की जेथे हे बंधन क्षणभर सैल होते. कलकत्त्याच्या मुक्कामात न्यायमूर्ती दाढी करून घेता घेता न्हाव्याकडून बंगाली शिकतात हे पाहून रमाबाईंना हसू येते आणि त्या थट्टा करतात. एवढा मोठा विद्वान, गालाला साबण लावलेला, आणि गुरू कोण तर हातात वस्तरा घेतलेला न्हावी. हे दृश्य ‘स्वतः’ या शब्दाला न जुमानता हास्यास्पद होते, आणि म्हणूनच ते वाचकाच्या मनात राहते. ग्रंथातील अनेक उपदेशपर प्रसंगांपेक्षा या एका प्रसंगात दोघांचे सख्य अधिक स्पष्ट दिसते, असे म्हटल्यास ते धाडसाचे होऊ नये.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, म्हणजे दोन ग्रंथांत जेमतेम पाव शतकाचे अंतर आहे. माहेरची मनकर्णिका गोखले 1880 मध्ये लक्ष्मी टिळक झाली. तिच्या लेखनात पतीला शब्द आहे ‘टिळक’. वरकरणी हा अधिक परका शब्द वाटतो. आडनावाने हाक मारतात ती कचेरीत, शाळेत, सभेत. पण नेमक्या या परकेपणामुळे लक्ष्मीबाईंना एक सोय झाली. ‘टिळक’ हे अंगणातून येणारे, काहीतरी विसरून आलेले, कोणाला तरी खिशातले देऊन टाकून आलेले, न सांगता निघून गेलेले एक पात्र झाले. त्यांच्याकडे समोरून पाहता येते, त्यांच्यावर रागावता येते, त्यांची कीवही करता येते. आणि आदरार्थी बहुवचन तर कोठेच सुटत नाही! ‘टिळक रागावले’, ‘टिळक विसरले’ : क्रियापदाच्या अंत्य एकारात मर्यादा पाळली गेली आहे आणि धातूत नवऱ्याचा दोष सांगितला गेला आहे. मराठी आदरार्थी बहुवचनाचा विनोदासाठी इतका कुशल उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद भाबडा आहे, लेखिकेला न कळत झालेला आहे, अशी एक समजूत अद्याप ऐकू येते. अशिक्षित मुलगी, नवऱ्याने अक्षरे शिकविली, म्हातारपणी मुलाने लिहावयास बसविले, आणि जसे बोलली तसे उतरले. असा हा युक्तिवाद. पण बोलणाऱ्या बाईने नवऱ्याला ‘टिळक’ म्हटले नसते. तिने ‘हे’ म्हटले असते, ‘दत्तूचे वडील’ म्हटले असते. ‘टिळक’ ही लेखणीची निवड आहे आणि ती पुस्तकभर सांभाळलेली आहे. स्वतःच्या वेंधळेपणालाही लक्ष्मीबाई तेवढ्याच तटस्थतेने सामोऱ्या जातात. त्यामुळे या संसारातल्या चुका दोघांच्या खात्यावर सारख्या मांडल्या जातात. धर्मांतरामुळे ताटातूट होऊन पुन्हा एकत्र येईपर्यंत गेलेली वर्षे वाचकाला सोसवत नाहीत, याचे कारणही हेच की, तत्पूर्वीच्या क्षुल्लक भांडणांत हे दोघे एकमेकांना किती हवे आहेत हे त्याला कळून चुकलेले असते. मोठ्या दुःखाचे वजन येथे लहान फजित्यांनी तोलले आहे.

बोलण्यातील ‘हे’ या शब्दाचाही थोडा विचार करावयास हवा, आणि त्यासाठी सोलापूरइतके सोयीचे शहर दुसरे नसावे. येथे मराठीच्या बरोबरीने कानडी आणि तेलुगू घराघरांत बोलल्या जातात. पूर्व भागातील विणकर पद्मशाली कुटुंबांची भाषा तेलुगू, कित्येक लिंगायत घरांची कानडी. तिन्ही भाषांत पतीचे नाव टाळण्याची रूढी होती, पण टाळण्याची तऱ्हा निराळी. तेलुगू गृहिणी ‘मा आयन’ किंवा ‘मा वारु’ म्हणते. यातील सर्वनाम दूरचे, म्हणजे ‘ते’ या अर्थाचे. हिंदीतही ‘वो’ हे दूरचेच. कानडीत ‘नम्म मनेयवरु’, आमच्या घरचे. तेथे सर्वनामाऐवजी घर पुढे येते. मराठी स्त्री मात्र ‘आमचे हे’ म्हणते. नवरा मुंबईस असो की पलटणीत, सर्वनाम जवळचे! बहुवचनाने अंतर राखावयाचे आणि दर्शकाने ते मिटवावयाचे, अशी ही दुहेरी रचना आहे. शेजारच्या कानडी वळणाचे ‘घरधनी’, ‘मालक’ हे शब्दही या भागातील मराठीत वावरतात. परंतु त्यांत ‘हे’ मधली जवळीक नाही.

पुरुषांनी लिहिलेल्या संसारकथांत प्रश्न उलटा होतो. जुन्या पिढीतील नवराही बायकोचे नाव चारचौघांत घेत नसे. ‘कुटुंब’, ‘मंडळी’, ‘आमच्या घरातून’ असे अप्रत्यक्ष शब्द त्यास पुरत. चिं. वि. जोशी (1892–1963) यांनी चिमणरावाच्या तोंडी पत्नीचे नाव दिले ते ‘काऊ’. चिमणराव आणि काऊ ही जोडी प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेल्या पहिल्या गोष्टीतून उचललेली आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. शेणाचे घर आणि मेणाचे घर, पावसात वाहून गेलेला संसार, दार उघडण्याची विनवणी; ही गोष्ट मुळातच घराच्या फजितीची गोष्ट आहे. गोष्टीत चिमणी बाई आणि कावळा बुवा. जोशींनी लिंगाची अदलाबदल करून चिमणे असणे नवऱ्याकडे सोपविले. पाली भाषेच्या आणि जातककथांच्या या अभ्यासकाला पशुपक्ष्यांच्या नावांतले नाट्य दिसले नसते तरच नवल. चिमणराव स्वतःच निवेदक असल्यामुळे फजिती त्याची आणि सांगणाराही तोच. स्वतःस नावे ठेवणारा नवरा हा मराठी विनोदाला मिळालेला मोठाच लाभ होय. तथापि काऊला स्वतःची बाजू स्वतःच्या शब्दांत सांगण्याची संधी नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. 1977 पासून मुंबई दूरदर्शनवर ही पात्रे घरोघर पोहोचली, तेव्हा काऊला देह आणि आवाज मिळाला; निवेदन मिळाले नाही.

ते निवेदन 1990 मध्ये सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकात मिळाले. या लेखिकेचे नाव लग्नात बदलले नाही; 1946 साली सुनीता ठाकूर ती सुनीता देशपांडे झाली. पतीला येथे शब्द आहे ‘भाई’, जो घरातला आणि मित्रमंडळातला आहे. पुस्तकावर वादळ उठले. लाडक्या लेखकाला बायकोने नावे ठेवली, असा त्या रागाचा मथितार्थ होता. पण रागावलेल्यांना खटकल्या त्या पुष्कळशा अगदी लहान गोष्टी : घरातली कामे कोणी करावयाची, कोणाच्या सवयी कोणी सांभाळावयाच्या. ‘स्मृतिचित्रे’तील टिळकांचा वेंधळेपणा ज्यांनी कौतुकाने वाचला, त्यांनाच भाईंचा बेफिकीरपणा वाचवेना. दोषांत फार फरक नव्हता. ‘टिळक’ या शब्दाने राखलेले अंतर ‘भाई’ने राखले नाही, आणि लेखिका हसण्याऐवजी हिशेब मागत होती. तो हिशेब काही ठिकाणी कोरडा होतो, हेही खरे. परंतु नावे ठेवण्यासाठी आधी माणूस जवळचा असावा लागतो, ही लक्ष्मीबाईंनी घालून दिलेली अट हे पुस्तक मोडीत नाही.

आज सोलापुरातील नवविवाहित स्त्रिया नवऱ्याला सर्रास नावाने हाक मारतात, तीही एकवचनात. म्हणून उखाणा नाहीसा झाला असे मात्र झाले नाही. उलट आता नवऱ्यालाही तो घ्यावा लागतो आणि बहुधा त्याचीच अधिक फजिती होते. उखाण्याची रचना पाहिली तर पहिल्या चरणात चांदीचे ताट, गुलाबाचे फूल असे काहीतरी असंबद्ध येते आणि दुसऱ्यात यमकाच्या आडोशाने नाव सरकते. पूर्वी निषिद्ध नाव बाहेर पडण्याची ही एकच वाट होती. आता दिवसभर जो ‘अमित’ असतो, तो त्या एका चरणापुरता ‘अमितराव’ होतो आणि षष्ठीच्या बहुवचनी प्रत्ययात जाऊन बसतो. जो प्रकार नाव उघड करण्यासाठी होता, तोच आता उघड्या नावावर पदर घालण्यासाठी वापरला जात आहे. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका त्या ‘रावां’ना हसतात, सूनही हसते, आणि आतल्या खोलीतून अमित विचारतो की, तिळगूळ संपला का.