‘जाति’ शब्दाची मोजणी : संगणकीय संशोधनपद्धतीचे एक परीक्षण

विद्यापीठीय संशोधनात गेल्या काही वर्षांपासून ‘डेटा सायन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राचा संचार सर्वत्र सुरू झाला आहे. हवामान, पीकपाणी, रोगनिदान ही त्याची परिचित क्षेत्रे. परंतु आता इतिहास, भाषाशास्त्र आणि धर्मग्रंथांचे अध्ययनही त्याच्या कक्षेत आले आहे. परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावालाही हा विषय परका राहिलेला नाही. शेजारच्या परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तेथे ड्रोन, यंत्रमानव आणि संगणकीय पृथक्करण यांच्या आधारे शेतीचा अभ्यास करण्याचा प्रकल्प राबविला गेला. या वाटेने शिकणारी आपली मुले सुट्टीत गावी आली की विहारातही येतात. प्रस्तुत लेखाचे निमित्त अशाच एका विद्यार्थ्याने वर्षावासातील अभ्यासवर्गापुढे ठेवलेला एक कागद हे होय.

त्या कागदावर त्रिपिटकातील ‘जात’ या अक्षरांची निकायवार मोजणी होती. विद्यार्थ्याने मजकूर संगणकात भरला, अक्षरे शोधली, तक्ता काढला आणि निष्कर्षही लिहिला : जातिविषयक चर्चा संयुत्तनिकायात विपुल असून सुत्तनिपातात ती अगदीच तुरळक आहे, सबब सुत्तनिपातातील जातिविरोधाला आपण देतो तेवढे महत्त्व देण्याचे कारण नाही. वर्गात क्षणभर शांतता पसरली. तक्ता नीटनेटका होता, मुलगा प्रामाणिक होता, आणि उत्तर कोणालाच सुचत नव्हते. ज्या सुत्तांच्या बळावर आपण धम्म हा समतेचा मार्ग आहे असे सांगतो, त्यांचे वजन एका तक्त्याने कमी ठरविले होते. अशा वेळी रागावून कागद बाजूला सारणे सोपे असते. परंतु ते बौद्ध अभ्यासकाला शोभणारे नव्हे. कागदाचे परीक्षणच केले पाहिजे.

संगणकाने ‘जात’ ही अक्षरे जेथे जेथे आढळली तेथे तेथे मोजली. त्यामुळे ‘जात’ म्हणजे जन्मलेला, हा साधा शब्द मोजला गेला. ‘जातक’ मोजले गेले. ‘जातरूप’ म्हणजे सोने, तेही मोजले गेले. मगधाचा राजा अजातसत्तु आणि खीर देणारी सुजाता याही त्या आकड्यात जाऊन बसल्या. (मराठीत ‘जात’ म्हटले की आपल्या मनात एकच अर्थ उभा राहतो, हा आपल्या समाजाचा दोष, पालि भाषेचा नव्हे.) उलट, वसलसुत्ताचा सारा भार ज्या रूपावर आहे ते ‘जच्चा’ हे रूप मात्र निसटले. ‘जाति’ शब्दाची तृतीया विभक्ती ‘जच्चा’ अशी होते आणि तिच्यात ‘जात’ ही अक्षरे नाहीत. माणूस जन्माने वसल ठरत नाही, कर्माने ठरतो, हे तथागतांचे प्रसिद्ध प्रतिपादन अशा रीतीने मोजणीच्या बाहेरच राहिले.

हा दोष व्याकरणाच्या साहाय्याने दूर करता येतो. हैदराबाद विद्यापीठात डॉ. अंबा कुलकर्णी यांनी संस्कृत व्याकरणाच्या नियमांना संगणकीय रूप देण्याचे कार्य केले आहे. शब्दाचे मूळ रूप ओळखणारी तशी साधने पालिकरिताही तयार झाली आहेत. परंतु मूळ शब्द ओळखला तरी अर्थाचा प्रश्न शिल्लक राहतोच. पटिच्चसमुप्पादात ‘जाति’ म्हणजे जन्म. जाति, जरा, मरण हा क्रम आपणा सर्वांना पाठ आहे. संयुत्तनिकायाच्या निदानवग्गात ही साखळी पुनःपुन्हा येते, आणि विद्यार्थ्याचा मोठा आकडा प्रामुख्याने तेथूनच आला होता. वासेट्ठसुत्तात ‘जाति’ म्हणजे प्राणिमात्रांचे प्रकार. तृण, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, पक्षी यांच्यात निसर्गतः भिन्न लक्षणे दिसतात, माणसामाणसांत तशी दिसत नाहीत, असा तेथील युक्तिवाद आहे. समाजातील उच्चनीचता या अर्थी जाति हा तिसरा अर्थ. तीन अर्थ एका रकान्यात घातले तर बेरीज बरोबर येईल, परंतु ती कशाची बेरीज आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

आणि जातीची चर्चा ‘जाति’ शब्दानेच होते असेही नाही. अस्सलायनसुत्तात चर्चेचा भर ‘वण्ण’ या शब्दावर आहे. योन आणि कम्बोज देशांत चार नव्हे, दोनच वर्ण आहेत, हा दाखला तेथलाच. पुन्हा ‘वण्ण’ म्हणजे रंग, रूप, स्तुतीसुद्धा. थेरगाथेत सुनीत थेर आपण नीच कुळात जन्मल्याचे सांगतात; तेथे शब्द ‘कुल’ हा आहे. चुल्लवग्गात शाक्यकुमार न्हावी उपालीला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती करतात, ती आपला गर्व जिरावा म्हणून. त्या कथेचा भार ‘मान’ या शब्दावर आहे. जातिविध्वंसनाचा याहून थेट प्रसंग विनयात दुसरा नसेल, आणि शब्दमोजणीला तो दिसतही नाही.

मजकुराकडेही चिकित्सेने पाहावे लागते. नागरी लिपीत संगणकावर सहज उपलब्ध असलेला त्रिपिटक हा इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सिद्ध केलेला असून त्याचा पाया १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या छट्ठ संगायनाचा पाठ हा आहे. हे कार्य मोलाचे आहे. ज्या खेड्यात पालि ग्रंथांची एक प्रतही मिळत नव्हती तेथे सारा त्रिपिटक आला. तथापि तो ब्रह्मदेशाच्या परंपरेचा पाठ आहे, हे विसरता कामा नये. वासेट्ठसुत्त सुत्तनिपातात आहे आणि तेच मज्झिमनिकायातही आहे. या पाठात ते दोनदा मोजले जाईल. लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या मज्झिमनिकायात मात्र त्याचा मजकूर पुन्हा छापलेला नाही. म्हणजे प्रत बदलली की आकडा बदलला.

याहून कठीण प्रश्न ‘पेय्याल’ाचा. पाठांतराच्या सोयीसाठी पुनरावृत्त मजकूर गाळून तेथे ‘पे’ अशी खूण केलेली असते. ती खूण संगणकाने एक शब्द मानावी की तिच्यामागील संपूर्ण परिच्छेद उलगडून मोजावा? संयुत्तनिकायातील सुत्तांची संख्या अट्ठकथेच्या परंपरेनुसार ७,७६२ आहे. आधुनिक छापील आवृत्त्यांत ती तीन हजारांच्या आत भरते. सुत्ते हरवलेली नाहीत, मोजण्याची रीत बदलली. जेथे सुत्त कशाला म्हणावे हेच ठरलेले नाही, तेथे दर सुत्तामागे अमुक इतके शब्द, हे विधान कशाच्या आधारावर करणार?

या अडचणी सांगून संगणक नाकारावा, असा आमचा अभिप्राय मुळीच नाही. महाराष्ट्रात विविध ज्ञानशाखांत गणित नेण्याचे एक थोर उदाहरण घडून गेले आहे आणि त्याचा बौद्ध विद्येशी घरचाच संबंध आहे. धर्मानंद कोसंबी आणि त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे ते उदाहरण. पित्याने पालि वाङ्मय मराठीत आणले. पुत्र गणितज्ञ झाला. १९४३ मध्ये त्याने मांडलेली एक गणिती रीत आज संगणकीय पृथक्करणात नित्य वापरली जाते. १९४४ मध्ये त्याने दिलेले आनुवंशिकतेचे सूत्र कोसंबींच्याच नावाने ओळखले जाते, आणि पिकांच्या वाणांवर काम करणाऱ्या कृषी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाही ते शिकावे लागते. आमच्या विद्यार्थ्याला हे नाव त्या सूत्रामुळे ठाऊक होते. त्याच माणसाने बौद्ध पंडिताचा ग्रंथ संपादिला हे ठाऊक नव्हते.

कोसंबींनी आहत नाण्यांच्या अभ्यासात संख्याशास्त्र कसे वापरले ते पाहण्याजोगे आहे. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकाच प्रमाणाने पाडलेली नाणी जितका अधिक काळ चलनात राहतील तितके त्यांचे सरासरी वजन घटेल आणि परस्परांतील वजनाची तफावत वाढेल. तक्षशिलेच्या साठ्यातील नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी उमटविलेल्या खुणा होत्या. खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. यावरून नाण्यांचा कालानुक्रम लावता आला. परंतु या तर्काआधी त्यांनी काय केले? हजारो नाणी एकेक करून स्वतः तोलली. झीज खरोखर अशीच होते का हे पाहण्यासाठी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलली. एका साठ्यातील नाणी दुसऱ्या साठ्यात मिसळली नाहीत. या पद्धतीवर आक्षेप घेता येतात. नाणी पाडतानाच वजनाचे प्रमाण सैल असेल तर सारी इमारत डळमळते. पण आक्षेप घेता येतो तोच मुळी प्रत्येक पायरी उघडी ठेवली आहे म्हणून.

ग्रंथसंपादनातही तीच शिस्त. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भर्तृहरीच्या आवृत्तीसाठी त्यांनी तीनशेहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली. १९५७ मध्ये वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी ‘सुभाषितरत्नकोश’ संपादिला. त्याचा संग्राहक विद्याकर हा बंगालमधील जगद्दल महाविहाराशी संबंधित बौद्ध पंडित. हस्तलिखितांचे बहुमत घेऊन पाठ ठरत नाही; एका चुकीच्या प्रतीवरून पन्नास प्रती उतरल्या असतील तर त्या पन्नासांचे मत एकच. पित्याची रीतही याहून वेगळी नव्हती. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शोधताना धर्मानंदांनी उत्तरकालीन चरित्रकाव्यांतील वारंवार येणाऱ्या कथेपेक्षा सुत्तनिपातातील एका अत्तदण्डसुत्ताला अधिक मान दिला. शाक्य-कोलियांच्या कलहाचे ते सूत्र पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केंद्रस्थानी आले. मोजणीने हे सुत्त एकाकी ठरले असते.

कोसंबींचेही सर्वच मान्य करावे असे नाही. १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या प्रसिद्ध गणिती प्रश्नाला संभाव्यतेच्या वाटेने उत्तर दिल्याचा दावा एका कृषी-संख्याशास्त्रीय नियतकालिकात केला. गणितज्ञांनी तो स्वीकारला नाही. आमच्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. उत्पादनाच्या प्राथमिक अवस्थेतील वर्ग म्हणजे जात, अशी त्यांची मांडणी होती. ज्या संशोधकाने दोन साठ्यांतील नाणी एका पारड्यात टाकली नाहीत, त्याने जात आणि वर्ग मात्र एकाच पारड्यात टाकले. श्रमविभागणी नव्हे तर श्रमिकांची विभागणी, आणि तीही चढत्या-उतरत्या श्रेणीची, हा बाबासाहेबांचा सिद्धान्त त्यांच्या मापात बसला नाही.

मोजमाप कोणाच्या प्रश्नासाठी होते, याचे उदाहरण बाबासाहेबांच्याच लेखनात आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावरून जातींचा सामाजिक दर्जा ठरतो असे प्रतिपादन केले होते. माणसांच्या रांगा लावण्यासाठीच ही मापे घेतली गेली. आज अनेक शास्त्रांत वापरले जाणारे महालनोबिस यांचे १९३६ चे ‘अंतर’ही मानवी गटांच्या मापांच्या अभ्यासातूनच विकसित झाले. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी १९५१ मध्ये महाराष्ट्रातील शरीरमापे प्रसिद्ध केली, तीही जातवार होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घुर्ये यांनी दिलेले नासिकामापांचे आकडे घेतले, प्रांताप्रांतांतील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे शेजारी ठेवली आणि विचारले की वंशभेदाने अस्पृश्यता निर्माण झाली असेल तर हा भेद आकड्यांत दिसतो कोठे? ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, असा त्यांचा निर्णय आहे. आकडे इतरांनी गोळा केलेले होते. प्रश्न त्यांचा होता. त्यांनी तक्ता फेकून दिला नाही, तो वाचला.

पिंगळीच्या वर्गात पुढे हेच करावयाचे ठरले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेल्या संस्कृत महाकोशाच्या कामासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या हाताने तयार झाल्या आणि प्रत्येक चिठ्ठी लिहिणाऱ्याने तो शब्द त्याच्या वाक्यात वाचला होता. त्याच धर्तीवर विद्यार्थ्याने संगणकाकडून आकड्याऐवजी वाक्ये मागविली. सुत्तनिपातापासून आरंभ झाला. तेवढी वाक्ये कागदावर काढून ज्यांना पालि येते त्यांनी अर्थ सांगावा, इतरांनी मराठी भाषांतर पाहावे, आणि जन्म, प्राणिप्रकार, सामाजिक उच्चनीचता असे तीन ढीग करावेत, असे ठरले. पहिल्याच बैठकीत वाद झाला. एका गाथेत जन्म आणि सामाजिक जात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी अभिप्रेत आहेत, असे एका वयोवृद्ध उपासकांचे म्हणणे पडले आणि ते कोणालाच खोडता येईना. विद्यार्थ्याने विचारले, ही चिठ्ठी कोणत्या ढिगात ठेवू? अखेर चौथा ढीग केला. अश्विन पौर्णिमेपर्यंत सुत्तनिपात पूर्ण झाला. तोवर त्या चौथ्या ढिगात बऱ्याच चिठ्ठ्या साठल्या होत्या, आणि वर्गातील सर्वाधिक चर्चा त्यांच्यावरच होत होती. मज्झिमनिकाय पुढील वर्षावासात घ्यावयाचा आहे.