एका गजात तीन स्वर

बाखच्या पहिल्या चेलो स्वीटचा प्रील्यूड लागला की लोक चाल गुणगुणतात. माझे लक्ष उजव्या हाताकडे, गजाकडे जाते. तिसऱ्या मोकळ्या तारेला षड्ज मानले तर सुरुवात अशी: सा, प, वरच्या सप्तकातला ग, रे, ग, मग खालचा प, ग, प. लगेच हेच आठ स्वर पुन्हा, की एक बार भरला. असे ४२ बार. ना साथ, ना ठेका.

बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. पत्नी आना माग्दालेना हिने उतरवलेली आहे. एका गजात किती स्वर घ्यायचे हे सांगणाऱ्या तिच्या कमानी अशा भुरभुरत काढल्या आहेत, की कुठे सुरू झाल्या नि कुठे संपल्या यावर अजून वाद चालतो. पुष्कळ संपादकांनी त्या सरळ करून टाकल्या. डच वादक आनर बिल्स्मा यांनी मात्र त्या वेडेवाकडेपणावर विश्वास ठेवला, त्यावर पुस्तकही लिहिले. मी त्यांच्या बाजूचा.

पहिले तीन स्वर एका गजात आणि पुढचे पाच सुटे, असे वाचून पाहा. गजाच्या फेऱ्या होतात सहा. आकडा सम, म्हणून प्रत्येक ‘सा’ ओढीच्याच गजावर येतो, आपसूक वजनदार. पण मेख पुढे आहे. ओढीच्या वाट्याला पाच स्वर, ढकलीच्या वाट्याला तीनच. बेसावध हात दोन-चार बारांत गजाच्या टोकाशी जाऊन पोचतो, तिथे वजन नाही, सूर पातळ. मग शिकणारा तर्जनीने दाबतो नि तार खरवडते. उपाय दाबण्यात नाहीच. तीन स्वरांच्या ओढीत कंजूषी करायची आणि परतीच्या सुट्या स्वरांना किंचित जास्त केस द्यायचे. ऐकणाऱ्याला हा जमाखर्च कळू नये, एवढीच अट.

चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना या स्वीट्स १८९० मध्ये बार्सिलोनातल्या एका दुकानात सापडल्या, वय १३. त्या काळी चेलो शिकवताना काखेत पुस्तक धरायला लावत, कोपर उघडू नये म्हणून. कासाल्स यांनी दंड मोकळा सोडला. त्यांचे १९३६ ते १९३९ मधले ध्वनिमुद्रण ऐकताना ते न दिसणारे, गळून पडलेले पुस्तक मला दर वेळी आठवते.

प्रील्यूडच्या बाविसाव्या बारमध्ये सगळे थबकते. शेवटाकडे मोकळी पहिली तार सतत वाजत राहते आणि शेजारच्या दाबलेल्या तारेवर स्वर हलतात. एकच स्वर दोन तारांवर येतो: इथे उघडा, तिथे झाकलेला. खांद्याने हे करू गेले तर सुतारकाम होते. मनगटाची पुसटशी डुलकी हवी.

मग शेवटचा तीन स्वरांचा मेळ. घोडीला बाक असल्याने गज तिन्ही तारांवर एकदम टेकून राहत नाही. खालचा सा घेऊन वर सरकावे लागते. गज निघून जातो. खालची मोकळी तार तेवढी घुमत राहते.