अंतरपट आणि कॅमेरा

नाटकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते, चित्रप्रदर्शनाचेही होते. परंतु घरोघरी जी चित्रफीत सर्वांत अधिक आस्थेने पाहिली जाते, त्या लग्नाच्या चित्रफितीविषयी ‘फार सुंदर झाली’ यापलीकडे कोणी बोलत नाही. आता तर ही चित्रफीत केवळ स्मरणिका राहिलेली नाही. तिला दिग्दर्शक असतो, संकलक असतो, पार्श्वसंगीत असते आणि तिच्यावर कधी कधी एखाद्या लहान चित्रपटाएवढा खर्च होतो. जी गोष्ट कलेचा वेष धारण करते, तिने कलेच्या कसोटीसही उतरले पाहिजे. या नव्या प्रकाराला आपण सोयीसाठी ‘विवाहपट’ म्हणू आणि त्याच्या गुणदोषांचा थोडा विचार करू.

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय सहसा टाळता येत नाही. उधना-लिंबायतकडे वसलेल्या खानदेशी कुटुंबांपासून जुन्या शहरातील पेढ्यांपर्यंत येथील अनेकांचा चरितार्थ या ना त्या रूपाने लग्नसराईशी बांधलेला आहे. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना याच शहरात पैलू पडतात. रुपेरी तार ओढून, चपटी करून, रेशमावर गुंडाळून आणि तिला सोन्याचे पाणी देऊन येथे जर तयार होते. त्यामुळे लग्न जयपुरास होवो वा इटलीत, त्याचा काही अंश सुरतेत आधीच घडलेला असतो.

गोपीपुऱ्यात माझ्या परिचयाचे एक जरीचे व्यापारी राहतात. त्यांच्या कन्येचा विवाह फ्लॉरेन्स नगराबाहेरील टेकडीवरच्या एका जुन्या प्रासादात झाला. त्याचा विवाहपट पाहण्यासाठी त्यांनी आम्हां चार-पाच स्नेह्यांना एका रविवारी घरी बोलाविले. वीसेक मिनिटांची ती फीत तंत्रदृष्ट्या निर्दोष होती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आर्नो नदीवर पहाटेचे धुके आहे. त्या धुक्यातून ब्रुनेलेस्कीचा घुमट वर येतो. सरूच्या रांगांमधून वधू चालत येते आणि तिच्या घागऱ्यावरील जरीला कोवळे ऊन लागते. प्रकाशाची इतकी सूक्ष्म जाण आपल्याकडील कित्येक बोलपटांतही आढळत नाही. अंतरपट दूर होतो तो क्षण तर मंदगतीने, दोन्ही बाजूंनी आणि वरूनही टिपलेला होता. सर्वांचे डोळे पाणावले.

व्यापाऱ्यांच्या मातोश्रींना सर्वजण ‘बा’ म्हणतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना इटलीस जाता आले नव्हते. नातीचे लग्न त्या प्रथमच या पडद्यावर पाहत होत्या. फीत संपली, दिवे लागले, आणि बांनी सरळ विचारले, “आमां कोई गातुं केम नथी?” यात कोणी गात का नाही? क्षणभर कोणाला उत्तर सुचले नाही. मग चिरंजीव म्हणाले, “बा, गाणी झाली होती, मामी, मासी सगळ्यांनी म्हटली. पण फिल्ममध्ये संगीत घालतात ना!”

माझ्या मते बांनी एका वाक्यात जी समीक्षा केली, तिच्यावर भाष्य करण्यापलीकडे मला फारसे काही करावयाचे नाही. त्या वीस मिनिटांत आरंभापासून अखेरपर्यंत वाद्यवृंदाचे मधुर संगीत होते; वधूवरांनी एकमेकांस लिहिलेल्या पत्रांचे वाचन होते, तेही इंग्रजीत. परंतु भटजींचा सावधानतेचा इशारा नव्हता, हस्तमेळापाच्या वेळचा कलकलाट नव्हता, आणि वरपक्षाची टर उडविणारी फटाणी तर नव्हतीच. सर्वांचे ओठ हलत होते. आवाज मात्र दुसऱ्याच कोणाचा होता. आपल्या लग्नात जे मौल्यवान आहे, ते पुष्कळसे कानांनी घ्यावयाचे असते. आपल्या विहिणींची गाणी, कोंकणी बायांच्या ओव्या, गोव्यातील ख्रिस्ती घरी नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालताना म्हटली जाणारी गीते, ही सारी तोंडची संपदा आहे. ती म्हणणाऱ्या स्त्रिया वृद्ध होत आहेत. त्यांच्यासमोर उत्तम ध्वनिग्राहक यंत्र ठेवलेले असताना त्यांचा स्वर पुसून त्यावर विकतचे संगीत चढविणे, याला काय म्हणावे?

आणि हे घडते ते फ्लॉरेन्समध्ये, हा योगायोग अधिकच बोचणारा आहे. विवाहाचा देखावा करावा आणि त्याची नोंद पुढील पिढ्यांसाठी ठेवावी, ही हौस या नगरीला फार जुनी. १५८९ साली फेर्दिनांदो दे मेदिची आणि लोरेनची राजकन्या क्रिस्तीन यांच्या विवाहानिमित्त तेथे काही आठवडे उत्सव चालला. पित्ती प्रासादाच्या चौकात पाणी भरून लुटुपुटीचे नाविक युद्ध झाले. उफीत्सीतील रंगमंचावर नाटकाच्या अंकांमध्ये सहा संगीतप्रवेश झाले, आणि त्यांची यांत्रिक दृश्ये बुओन्तालेन्ती या कलावंताने सिद्ध केली. या वैभवात राजसत्तेचे प्रदर्शन होते, यात शंका नाही. साधेपणाचा धडा मेदिची घराण्याकडून घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी वेषांची रेखाटने जपली, देखाव्यांची कोरीव चित्रे छापली, आणि १५९१ साली त्या प्रवेशांचे संगीतही व्हेनिसमध्ये मुद्रित करविले. म्हणून ते लग्न आजही गाता येते. ज्या काळी ध्वनिमुद्रणाची कल्पनाही नव्हती, त्या काळच्या लोकांनी स्वर राखला. आणि आम्ही खिशात यंत्र घेऊन हिंडणारे लोक तो टाकून देतो.

दुसरा दोष दृष्टीचा आहे. विवाहपटातील एका सुरेख प्रसंगात वधूवर पोन्ते वेक्यो या पुलावर उभे आहेत. पहाट आहे, दुकानांची जुनी लाकडी दारे बंद आहेत, माणूस कोठेही नाही. चित्र देखणे आहे. परंतु त्या दारांमागे काय आहे, हे चित्रकाराने विचारले असते तर? पूर्वी या पुलावर खाटकांची दुकाने होती. १५९३ साली याच फेर्दिनांदोने ती उठवून तेथे सोनारांना बसविले, आणि आजतागायत तेथे सोन्याचांदीचाच व्यापार चालतो. त्याही पूर्वीपासून फ्लॉरेन्सचे सोनार रेशीमवाल्यांच्या श्रेणीत मोडत असत. सोने आणि रेशीम तेथे एकाच संघाच्या छत्राखाली होते. सोन्यारेशमाची सांगड घालून पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या सुरतेच्या घरातील मुलगी त्या पुलावर उभी होती. दोन कसबी नगरांची ती भेट होती. वधूच्या वडिलांनी एखाद्या सोनाराच्या हाती आपली जर ठेवली असती आणि कॅमेऱ्याने नुसते त्या दोघांच्या बोटांकडे पाहिले असते, तरी त्या प्रवासाला अर्थ लाभला असता. तसे झाले नाही. नगर केवळ पडदा झाले. आणि पडदाच हवा असेल तर तो रंगवूनही मिळतो.

तिसरी गोष्ट पाहुण्यांची. मुख्य जोडपे स्पष्ट आणि बाकीचे सारे धूसर, ही या चित्रणाची रूढ रीत. इटलीतच व्हेरोनेझे या चित्रकाराने १५६३ साली काना गावच्या लग्नाचे प्रचंड चित्र पुरे केले. त्यात वधूवर मेजाच्या डाव्या टोकाला, जवळजवळ कडेला बसलेले आहेत. मध्यभागी येशूची शांत मूर्ती आहे, तिच्यापुढे वादक आहेत, आणि भोवती वाढपी, पाहुणे, कुत्री, नोकर यांची दाटी आहे. विवाह म्हणजे दोघांनी अनेकांच्या साक्षीने केलेली गोष्ट, हे त्या चित्रकाराला पुरतेपणी उमगले होते. आजच्या विवाहपटाने साक्षीदारांचे प्रेक्षक केले आहेत, आणि पुष्कळदा नुसती पार्श्वभूमी.

या प्रकारात सारेच वाईट आहे, असा ग्रह मात्र होऊ नये. १४ नोव्हेंबर २०१८ रोजी कोमो सरोवराकाठच्या व्हिला देल बाल्बियानेल्लो येथे दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंह यांचा विवाह कोंकणी पद्धतीने झाला आणि दुसऱ्या दिवशी सिंधी पद्धतीने. त्याची चित्रफीत ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘कॉफी विथ करण’ या कार्यक्रमात सर्वांनी पाहिली. तीतील मनाला भिडणारे क्षण सरोवराचे नाहीत. घरची माणसे आपल्या आवाजात बोलतात ते आहेत. कोंकणी विधींचे दर्शन मात्र ओझरतेच घडते. इतक्या दूर नेलेला आपला संस्कार थोडा अधिक वेळ, त्याच्या स्वतःच्या ध्वनीसह पाहावयास मिळावा, अशी इच्छा कोंकणी वाचकास झाली असल्यास ती अवास्तव नव्हे.

२०२३ च्या अखेरीस पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी धनिकांना विवाह भारतातच करण्याचे आवाहन केले. देशाच्या अर्थकारणाच्या दृष्टीने ते योग्य असेल. परंतु कलेचा प्रश्न स्थळ बदलून सुटत नाही. उदयपूरच्या महालात घेतलेल्या फितीही याच साच्यातून निघतात. पणजीच्या फोन्तेन्यश भागातील रंगीत घरांपुढे छायाचित्रे काढणारांची इतकी रीघ लागली, की रहिवाशांना छायाचित्रणास मनाई करणाऱ्या पाट्या लावाव्या लागल्या. घरात कोणी राहते, हे ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याला आर्नो आणि मांडवी सारख्याच.

त्या रविवारची हकीकत अद्याप पुरी झालेली नाही. बांच्या प्रश्नानंतर चिरंजीवांनी उठून आपल्या स्वतःच्या लग्नाची, १९९१ सालची, व्हिडिओ कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेतलेली फीत लावली. चित्र थरथरत होते, रंग विटले होते, दिव्याची वायर सांभाळणारा पोऱ्या दर दोन मिनिटांनी मध्ये येत होता. कलेच्या नावाने सगळा आनंदच. परंतु एका कोपऱ्यात बा आणि त्यांच्या दोन बहिणी बसल्या होत्या आणि खणखणीत आवाजात व्याह्यांना नावे ठेवीत होत्या. त्या बहिणी आता नाहीत. बा त्यांच्याबरोबर हळूच गुणगुणू लागल्या, आणि नवी नवरी, जिने हे गाणे कधी नीट ऐकलेही नव्हते, ती आजीजवळ जाऊन बसली.

विवाहपट काढणाऱ्या तरुण कलावंतांना माझी एवढीच विनंती आहे. तुमची दृष्टी तरबेज आहे. तिच्याविषयी तक्रार नाही. इटलीस जा, कोठेही जा. परंतु निघण्यापूर्वी एक दिवस यजमानांच्या घरी बसा. जिला प्रवास झेपणार नाही त्या आजीपुढे ध्वनियंत्र ठेवा आणि तिला गाऊ द्या. मग फ्लॉरेन्सच्या पहाटेवर संगीत कोणते घालावे, हा प्रश्न तुम्हांस पडणार नाही.