टेल्युरियमच्या सावलीतला हायड्रोजन

कॅल्शियमच्या एका अणूला क्लोरीनचा एकच अणू जोडलेला ‘कॅल्शियम मोनोक्लोराइड’ हा पदार्थ एकेकाळी खरा मानला जात होता. 1950च्या दशकात कळले की तो कॅल्शियमचा हायड्राइड-क्लोराइड आहे. हायड्रोजन आत शिरला होता आणि कोणाला पत्ताच नव्हता. पुढे लँथनाइड धातूंच्या मोनोहॅलाइडांचेही बिंग असेच फुटले. हायड्राइड आणि टेल्युराइड ही दोन ऋणायने एकत्र नांदणाऱ्या संयुगांविषयी वाचताना मला दर वेळी हा इतिहास आठवतो. हायड्रोजन खरोखर आहे का, आणि असलाच तर कुठे, हा प्रश्न इथे सर्वांत बिकट होतो.

जोडी मात्र विलक्षण आहे. पॉलिंगच्या मोजपट्टीवर हायड्रोजनची विद्युतऋणता 2.20 आणि टेल्युरियमची 2.1, म्हणजे इलेक्ट्रॉनची ओढ जवळपास सारखी. बाकी सगळे वेगळे. टेल्युराइडवर दोन ऋणप्रभार, त्रिज्या सुमारे 2.2 अँगस्ट्रॉम आणि सहज वाकणारा इलेक्ट्रॉनांचा मोठा मेघ. हायड्राइडवर एकच प्रभार, इलेक्ट्रॉन दोन, आणि शेजारी जितकी जागा देतील तितका तो आकसतो किंवा फुगतो. दोघेही मऊ, पण मऊपणाची जात निराळी.

हायड्राइडसोबत दुसरे ऋणायन असलेल्या संयुगांच्या क्षेत्रातले कौतुक आजवर ऑक्सिजनच्या वाट्याला आले आहे. 2002 मध्ये कोबाल्टच्या ऑक्साइडात हायड्राइड बसवल्याचे वृत्त आले, 2012 मध्ये क्योटोच्या संशोधकांनी बेरियम टायटनेटमध्ये तो घातला, आणि 2016 मध्ये अशा ऑक्सिजनयुक्त घन पदार्थातून हायड्राइड आयन स्वतःच वाहू शकतो हे दाखवले गेले. टेल्युरियमची बाजू त्यामानाने ओसाड. जर्मनीत श्टुटगार्टमध्ये थोमास श्लाइड यांच्या गटाने दुर्मिळ मृदा धातूंचे हायड्राइड-टेल्युराइड चिकाटीने तयार करून त्यांच्या रचना उलगडल्या. मला त्या कामाविषयी आदर आहे. त्यांनी पाया घातला. पण रचना कळल्यावर लगेच पुढे यायला हवीत ती वाहकतेची, चुंबकत्वाची, उष्णतेला दिलेल्या प्रतिसादाची मोजमापे या क्षेत्रात फार विरळ आहेत.

2021 मध्ये हिरोशी कागेयामा यांच्या क्योटोतील गटाने लिथियम आणि सोडियमचे प्रतिपेरोव्स्काइट पुढे आणले, तेव्हा वारे थोडे बदलले. पेरोव्स्काइटमध्ये अष्टफलकाच्या मध्यभागी धनायन आणि टोकांना ऋणायने असतात. इथे सारे उलटे आहे: मध्यभागी हायड्राइड, सहा टोकांना सहा सोडियम, आणि अष्टफलकांमधल्या प्रशस्त पोकळीत टेल्युराइड. आयनांचे आकार इतके वेगवेगळे असूनही या कुटुंबातली जवळजवळ सगळी संयुगे घनाकृती राहतात. आडवळण घेते ते फक्त टेल्युराइडच्या जागी गंधक असलेले सोडियमचे संयुग. श्रेय हायड्राइडच्या आकसण्या-फुगण्याच्या सवयीला जाते. अष्टफलक जागच्या जागी डुलतात, आणि त्या डुलण्यामुळे सोडियमची वाट सोपी होत असावी, असा त्या गटाचा कयास आहे. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

तरी हुरळून जाऊ नये. या मालिकेतली गाजलेली वाहकता, 100 अंश सेल्सिअसला सेंटिमीटरमागे सुमारे 0.0001 सीमेन्स, मिळाली ती टेल्युरियमच्या नव्हे, तर थोडे आयोडीन घातलेल्या सेलेनियमच्या संयुगात. सोडियम थायोफॉस्फेटने तेवढी मजल 2012 मध्येच साध्या खोलीच्या तापमानाला गाठली होती. शिवाय हायड्राइड आणि टेल्युराइड दोघेही इलेक्ट्रॉन सहज सोडतात, म्हणून बॅटरीच्या धन टोकाशी त्यांचे पटणे कठीण. आणि टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात सोन्याइतकाच दुर्मिळ. मला या संयुगांचे मोल बॅटरीपेक्षा मऊ ऋणायनांचा सांगाडा कसा चालतो हे समजण्यात अधिक दिसते.

प्रयोगशाळेतही ती सोपी नाहीत. सोडियम हायड्राइड आणि सोडियम टेल्युराइड समप्रमाणात घ्यावे एवढाच कागदावरचा हिशेब. पण सगळे काम आर्गॉनने भरलेल्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून करावे लागते. ओल लागली की हायड्राइडमधून हायड्रोजन वायू सुटतो आणि टेल्युराइडमधून सडक्या लसणासारख्या वासाचा विषारी हायड्रोजन टेल्युराइड. तापवावे तर साध्या दाबाला सोडियम हायड्राइड 425 अंशांच्या आसपास स्वतःच विघटित होतो, म्हणजे ज्याला कोंडायचे तोच निसटतो.

हायड्रोजन निसटला की राहिला हे क्ष-किरण सांगू शकत नाहीत. ते इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. टेल्युराइडचे 54 आणि हायड्राइडचे 2, म्हणजे नगाऱ्यापुढे टाचणी पडल्यासारखे. नुसत्या क्ष-किरणांवरून ‘हायड्रोजन इथे बसला आहे’ असे लिहिलेले वाचले की मी त्या वाक्यापाशी थांबतो. न्यूट्रॉनचा न्याय वेगळा. त्यातही साध्या हायड्रोजनमुळे चित्र धूसर होते, म्हणून तेच संयुग ड्युटेरियम घालून पुन्हा बनवावे लागते. मग मात्र आकडे पालटतात: न्यूट्रॉन विखुरण्याची लांबी टेल्युरियमची 5.80 फेम्टोमीटर आणि ड्युटेरियमची 6.67. त्या आलेखात ड्युटेरियम टेल्युरियमहून ठळक दिसतो.