सेरेंगेटीचा रिकामा माळ

सेरेंगेटीची कुठलीही रील उघडा. वरून घेतलेला शॉट, पिवळट माळ, त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे चाललेले वाइल्डबीस्ट, मागे ढोल आणि समूहगान. फ्रेममध्ये माणूस नाही. असलाच तर जीपच्या टपातून डोकं बाहेर काढलेला पर्यटक. पण त्याला आपण माणसांत मोजत नाही, कारण तो म्हणजे आपणच.

या शॉटला एक पूर्वज आहे. १९५९चा जर्मन माहितीपट, इंग्रजीत ‘सेरेंगेटी शॅल नॉट डाय’. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं छोटं विमान घेऊन टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, उतरले. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दी बदलायचं घाटत होतं आणि तिथली जनावरं किती, ती जातात कुठे, याची कुणालाच नीट कल्पना नव्हती. बापलेकांनी ती हवेतून मोजली. काम चालू असतानाच, जानेवारी १९५९मध्ये, गिधाडाची धडक बसून विमान कोसळलं आणि चोविशीतला मिखाएल गेला. पुढच्या वर्षी चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

चित्रपट आजही बघवतो, हे आधी सांगायला हवं. मोजणीचे प्रसंग तर फारच छान. हल्लीच्या माहितीपटांत प्रत्येक हरणाला नाव, आई आणि खलनायक देतात; इथे नाट्य आहे ते निव्वळ आकड्यात. एकूण ३,६६,९८० जनावरं, त्यात ९९,४८१ वाइल्डबीस्ट. इतका काटेकोर आकडा ऐकला की आपला विश्वास बसतो. हा माणूस खरं बोलतोय, वाटतं.

आणि तिथेच जपून राहायला हवं. कारण मोजणाऱ्याच्या डोक्यात काय मोजायचं हे आधीच ठरलेलं आहे. ग्रझिमेक यांचं म्हणणं असं, की ही जनावरं सगळ्या मानवजातीचा ठेवा, अगदी अथेन्सच्या अक्रोपोलिससारखा. आणि राष्ट्रीय उद्यानात माणूस राहताच कामा नये, तिथला मूळचा असला तरी. अक्रोपोलिसची उपमा भारदस्त आहे, पण अक्रोपोलिसवर कुणी गुरं चारून पोट भरत नाही. सेरेंगेटीत मासाई ते करत होते. ‘सेरेंगेटी’ हा शब्दच त्यांच्या भाषेतल्या ‘सिरिंगेत’वरून आला असं म्हणतात. शिवाय मासाई सहसा रानातल्या जनावरांचं मांस खात नाहीत. चित्रपटात तारेचे फास आणि त्यात तडफडणारी जनावरं दिसतात. ते दृश्य खरं आहे, पण त्याचा राग मासाईंच्या गुरांवर काढण्यात काही अर्थ नव्हता.

मुळात हा माळ ‘आदिम’ आणि ‘रिकामा’ होता का? इथे एक शब्द आठवावा लागतो, जो आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनाही ओळखीचा होता: बुळकांडी. गुरांचा हा साथीचा रोग १८८०च्या दशकाच्या अखेरीस इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या शिंगात उतरला आणि दोन-तीन वर्षांत मासाईंच्या मुलखात पोचला. बहुतेक गुरं मेली, मग देवी, मग दुष्काळ. मासाई या काळाला ‘एमुताई’ म्हणतात, म्हणजे सफाया. १८९२ साली न्गोरोंगोरोतून गेलेला ऑस्ट्रियन प्रवासी ऑस्कार बाउमान याने भुकेने खंगलेल्या मासाईंचं वर्णन लिहून ठेवलं आहे. युरोपीय लोकांना भावलेला ओसाड माळ हा या सफायानंतरचा माळ होता. रिकामं घर बघून ‘इथे कधी कुणी राहिलंच नाही’ म्हणावं, तसं ते झालं.

आता पुढची गंमत बघा. गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण आहे खरी. बुळकांडीने वाइल्डबीस्टही मरत होते. भोवतालच्या गुरांना लशी टोचल्या गेल्या आणि १९६३च्या सुमारास वाइल्डबीस्टमधून रोग नाहीसा झाला. १९६१च्या हवाई गणनेत अडीच लाखांवर असलेले हे प्राणी १९७७पर्यंत तेरा-चौदा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाल्लं, म्हणून वणवे कमी लागले, म्हणून झाडं वाढली. आजच्या रीलमधला कळप हा गुराख्यांच्या गाईंना दिलेल्या सुईची देणगी आहे. ग्रझिमेकना भीती होती की गुरं जनावरांना हुसकावतील. झालं उलटंच. वाइल्डबीस्टच्या वासरांकडून गाईंना एक जीवघेणा ताप लागतो, म्हणून विणीच्या हंगामात मासाई आपली गुरं आखूड गवताच्या माळावरून स्वतःच दूर नेतात. कळप फुगले तसं हिरवं कुरण हातचं गेलं ते गाईंच्या.

यातलं काही त्या चित्रपटात असणं शक्य नव्हतं, हे मान्य. दोष त्याचा नाही, त्याच्या नकलांचा आहे. साठ-पासष्ट वर्षांत विज्ञान कुठल्या कुठे गेलं आणि कॅमेरा अजून त्याच उंचीवर घिरट्या घालतोय. ‘द लायन किंग’ने तर प्रश्नच मिटवला. सिंहांना स्वाहिली नावं दिली आणि स्वाहिली बोलणारी माणसं काढून टाकली.

फ्रेमबाहेर मात्र माणसं आहेत. १९५८मध्ये बारा मासाई वडीलधाऱ्यांनी सेरेंगेटी सोडण्याच्या करारावर अंगठे उठवले. बदल्यात १९५९मध्ये शेजारचं न्गोरोंगोरो क्षेत्र वेगळं काढलं, जिथे गुरं आणि रानटी जनावरं एकत्र राहतील असं ठरलं. १९७५मध्ये तिथे शेतीवर बंदी आली. २०२२पासून सरकार तिथल्या मासाईंना सुमारे सहाशे किलोमीटर दूर मसोमेरा इथे हलवू लागलं. सरकारच्या मते स्वखुशीने, अनेक मासाईंच्या मते नाही. त्याच वर्षी जूनमध्ये लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर हद्दीचे खांब रोवताना गोळीबार झाला, मासाई जखमी झाले, एक पोलीस मारला गेला आणि पुष्कळ कुटुंबं सीमा ओलांडून केनियात गेली. दिलं गेलेलं कारण तेच होतं: माणसं आणि गुरं फार झाली, निसर्ग धोक्यात आहे. न्गोरोंगोरोत माणसं खरंच अनेक पटींनी वाढली आहेत, हा मुद्दा खोटा नाही. पण त्याच काठावर पर्यटकांची हॉटेलं उभी आहेत, आणि ‘फार झाली’ हे त्यांच्याबद्दल त्या तावातावाने कुणी बोलत नाही.

न्गोरोंगोरोच्या काठावर मिखाएलची दगडी समाधी आहे, शेजारी १९८७ साली गेलेले वडील. जीपा तिथे थांबतात, फोटो काढतात. खालच्या माळावर, एन्दुतूच्या आसपास, फेब्रुवारीत लाखो वाइल्डबीस्ट वितात. ती जागा बरीचशी न्गोरोंगोरोच्या हद्दीत येते, मासाईंना राहू दिलेल्या. रीलखाली नाव मात्र सेरेंगेटीचंच असतं.