उजळणी, पारायण आणि प्रतिशुद्धी

एकदा पाहिलेले पुन्हा पाहणे याला आपल्या मराठीत शब्द पुष्कळ आहेत. पण आपण ते एकाच पिशवीत कोंबतो. दिंडीच्या अहवालावर हल्ली सर्रास ‘सिंहावलोकन’ असे छापतात. आत पाहावे तर जमाखर्च आणि देणगीदारांची नावे! सिंह चालता चालता मान वळवून मागची वाट नजरेत घेतो, असा तो शब्द. जमाखर्चाला ‘आढावा’ पुरतो. आषाढीच्या तोंडावर घरची अडचण पाहून होतो तो ‘फेरविचार’. त्यात निश्चय मोडण्याची मुभा असते.

‘उजळणी’ पाठाची. हरिपाठ तोंडी बसावा म्हणून पोर रोज म्हणते, ती उजळणी. अर्थ मागून आला तरी चालतो. ‘पारायण’ मात्र ग्रंथाच्या पार जाणे, मध्ये काही न गाळता. म्हणून ‘एका अध्यायाचे पारायण’ हा प्रयोग मला खटकतो. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या घरातील ओव्या सप्ताहात संपवायच्या तर वेग ठेवावाच लागतो, आणि वेगात डोळा ओवीवर थांबत नाही. हा दोष पारायणाचा नव्हे. मननाचे काम आपण त्याच्यावर ढकलतो आणि ‘माझी इतकी पारायणे झाली’ असे सांगत सुटतो.

या सगळ्यांहून अवघड पाहणे नाथमहाराजांचे. शके 1212 ची ज्ञानेश्वरी हस्तलिखितांतून उतरत आली, पाठ बिघडले. शके 1506 मध्ये त्यांनी ती शोधून ‘प्रतिशुद्ध’ केली. जुन्या मराठीत ‘शोधणे’ म्हणजे हुडकणे आणि निर्मळ करणे, दोन्ही. एकादश स्कंधावर एवढी मोठी टीका लिहिलेला हा कवी. स्वतःच्या चार ओव्या घालणे त्यांना काय कठीण होते? त्यांनी त्या घातल्या नाहीत, आणि पुढच्यांनीही घालू नयेत असे बजावून ठेवले. ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ म्हणून मिरवणाऱ्या आजच्या भजनी पुस्तकांच्या संपादकांनी तेवढे तरी वाचावे.

माउली, आपल्या फडातही एखादा चरण दोन तऱ्हांनी म्हटला जातो. मग ज्याचा आवाज चढा त्याचा पाठ खरा ठरतो. पुढच्या एकादशीला दोन्ही पोथ्या आणा, शेजारी ठेवा, शब्दाला शब्द लावून पाहा. त्याला ‘पडताळणे’ म्हणतात.